प्रभूने सांगितलेलं लगेच करायचं, की "त्यावर प्रार्थना करत" बसायचं?

भिंगारकरीण

सर्वांना जय ख्रिस्त. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतेय, जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आपल्याकडे "प्रभूवर भरवसा ठेवा" हे दर रविवारी कानावर पडतं. साक्ष देताना पण तेच, दुःखाच्या घरी गेलो तरी तेच, आणि ते खरंच आहे त्यात वाद नाही. पण भरवसा ठेवला की मग हातापायांनी काय करायचं यावर बोलणं होतच नाही. आणि जिथे काय करायचं ते अगदी स्पष्ट असतं तिथे आपलं ठरलेलं उत्तर असतं, "मी त्यावर प्रार्थना करतेय". जावेचे घेतलेले पैसे परत द्यायचेत, प्रार्थना करतेय. भाडेकरू घर सोडून गेला त्याचं डिपॉझिट द्यायचंय, प्रभू मार्ग दाखवेल. शेजारणीशी अबोला आहे, योग्य वेळ येऊ दे. अहो पण यात मार्ग कसला दाखवायचाय, पैसे दुसऱ्याचे आहेत, द्यायचे आहेत, हे मोशेच्या काळापासून सांगून झालंय.

आमच्या महिला मंडळात सध्या बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती चालू आहे, बावीसाव्या अध्यायाला आलो तेव्हा मी तिसऱ्या वचनावरच अडकले. अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी दे अशी भयंकर आज्ञा मिळते आणि तो पहाटेस उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडं फोडतो आणि निघतो. बस. नोकर होते त्याच्याकडे पण लाकडं फोडल्याचं त्याच्याच नावावर लिहिलंय. आणि पुढे ती जागा लांबून दिसते ती तिसऱ्या दिवशी, म्हणजे परत फिरायला भरपूर वेळ होता, रस्ताभर मुलगा बरोबर चालतोय, बोलतोय, विचारतोय की विस्तव आणि लाकडं आहेत पण कोकरू कुठंय. तरी हा चालत राहतो. नोकरांना सांगतो की आम्ही देवाची आराधना करून परत येऊ. इब्री लोकांस पत्रात अकराव्या अध्यायात सांगितलंय की देव मेलेल्यातून उठवायलाही समर्थ आहे असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणजे भरवसा आधी होता, म्हणून पहाटे पाय उचलला.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरवसा आणि लगेच ऐकणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच. जी गोष्ट देवाने वचनात आधीच सांगून ठेवलीय त्यासाठी चिन्ह मागत बसणं, वेळ मागणं, हे मला नम्रपणाच्या कपड्यातलं नाही म्हणणं वाटतं. तुम्हाला काय वाटतं? ज्यांना पटत नाही त्यांनीही लिहा, मला खरंच ऐकायचंय.

स्टाफनर्स

जय ख्रिस्त ताई. अगदी मनातलं. मी वॉर्डात काम करते, नाव गाव नको. आमच्याकडे आज्ञापालन म्हटलं की लोकांना वाटतं पेशंटजवळ बसून प्रार्थना करणं, पत्रिका वाटणं. ते आपल्या जागी. पण मला जिथे प्रभू रोज विचारतो ना ते म्हणजे पहाटे पाचचे व्हायटल्स, म्हणजे पेशंटचं बीपी, नाडी, ताप बघून लिहिणं. नाईट संपत आलेली असते, पाय सुजलेले असतात, तीसेक पेशंट आणि दोघीजणी, आणि ज्याचं बीपी रात्रभर १२०/८० आलंय त्याच्या चार्टवर परत १२०/८० टाकून पुढे जायचा मोह होतो. कोणाला कळणार नाही. त्या क्षणी आत एक टोचणी होते, आणि ती टोचणी झाल्यावर जर मी दोन मिनिटं "बघू" म्हटलं तर संपलं, मग मी नक्की अंदाजे आकडा टाकणार हे मला माहीत आहे. म्हणून मी विचारच करत नाही, बीपीचा पट्टा, म्हणजे कफ, उचलते आणि जाते. कलस्सैकरांस पत्रात आहे ना, जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नको तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, ते माझ्यासाठी त्या कफमधे आहे.

लगेच करण्याचा फायदा हाच की मनाला वकिली करायला वेळ मिळत नाही.

पुणेकॅम्प

ताई, तुमचं लिखाण आवडलं पण मी विरुद्ध बाजूने लिहिणार आहे आणि कळकळीने लिहिणार आहे.

"लगेच आज्ञा पाळा" या शिकवणीचा वापर करून माणसं उद्ध्वस्त होताना मी पाहिलीयत. आमच्या ओळखीच्या एका घरी बाहेरून आलेल्या एका उपदेशकाने प्रार्थनासभेत सांगितलं की देव म्हणतोय आजपासून इन्सुलिन बंद, भरवसा ठेवा, शंका म्हणजे पाप. त्या काकूंनी लगेच ऐकलं. आठवडा पण गेला नाही, आयसीयूत. देवाच्या दयेने वाचल्या. दुसऱ्या एका तरुणाने चांगली नोकरी सोडली कारण त्याला आतून "आवाज" आला, आता घर बायकोच्या शिवणकामावर चालतंय आणि त्याला कोणी काही बोललं की तो म्हणतो तुम्ही अल्पविश्वासी.

मत्तय चौथा अध्याय काढा. मंदिराच्या शिरोभागी प्रभूला नेऊन सैतान काय म्हणतो? उडी टाक, देवदूत तुला झेलतील, आणि वर स्तोत्र ९१ चं वचन पण देतो. म्हणजे "भरवसा ठेव आणि आत्ताच कर" हे वाक्य तिथे सैतानाच्या तोंडी आहे, आणि प्रभूने उडी मारली नाही! त्याने दुसऱ्या वचनाने उत्तर दिलं की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. योहानाच्या पहिल्या पत्रात पण स्पष्ट आहे, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून पाहा. बिरुयाच्या लोकांनी तर पौलाचं बोलणं सुद्धा रोज शास्त्रात शोधून तपासलं आणि त्यांना थोर मनाचे म्हटलंय, अवज्ञा करणारे नाही म्हटलं.

म्हणून घाई नको असं माझं मत. पारखायला वेळ लागतो.

स्टाफनर्स

पुणेकॅम्प दादा, इन्सुलिनच्या बाबतीत शंभर टक्के. टाइप वन असेल तर इन्सुलिन बंद केल्यावर कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतणं, व्हायला एखाद दोन दिवस पण पुरतात, हे मी वॉर्डात बघितलंय, त्या श्वासाचा वास एकदा आला की विसरता येत नाही. आणि शास्त्रात औषधाला नाही कुठे म्हटलंय? हिज्कीया राजाला देवाने बरं करीन असं सांगितलं तरी यशयाने अंजिराची चांदकी गळवावर लावायला लावली. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. लूक स्वतः वैद्य. कृपा करून कोणीही असल्या कोणाच्या सांगण्यावरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

भिंगारकरीण

पुणेकॅम्प, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण मी हे वेगळं करून सांगायला हवं होतं. त्या काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं.

पण बघा, तुमच्या दोन्ही उदाहरणांत आज्ञा कुठून आली? एकात माणसाच्या तोंडून, दुसऱ्यात स्वतःच्या मनातून. ते पारखायलाच हवं, तिथे मी तुमच्या बाजूने आहे. मी बोलतेय ते लिहून ठेवलेल्या गोष्टींबद्दल. क्षमा करा, खोटं बोलू नका, घेतलेलं परत द्या, विधवा अनाथांना बघा, शत्रूसाठी प्रार्थना करा. यात पारखायचं काय राहिलं? माझी तक्रार अशी आहे की आपण नेमकं उलटं करतो. जिथे थांबून विचारायला पाहिजे, म्हणजे कोणीतरी माइकवरून सांगितलेलं, तिथे आपण पटकन धावतो. आणि जिथे धावायला पाहिजे तिथे वर्षानुवर्षं "पारखत" बसतो.

आणि उशिरा पाळलेली आज्ञा कधी कधी आज्ञाच राहत नाही. गणना १४ मधे इस्राएल लोकांना देश घ्यायला जा सांगितलं तेव्हा ते रडले, मिसरात परत जाऊ म्हणाले. देवाने मग चाळीस वर्षं रानात असं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून हेच लोक म्हणतात चला आम्ही तयार आहोत. मोशे म्हणतो जाऊ नका, आता परमेश्वर तुमच्याबरोबर नाही. तरी गेले आणि मार खाऊन आले. पहाटे उठणं तिथेही आहे हं, अब्राहामासारखंच, पण एक दिवस उशिरा.

वसईची वाडी

मी कॅथलिक आहे, इथे बहुतेक सगळे प्रॉटेस्टंट दिसताय पण विषय आपला सगळ्यांचा आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडे पवित्र मरियेचं उदाहरण लहानपणापासून देतात. देवदूत गेल्यावर ती उठून घाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली असं लूक लिहितो. आणि काना गावच्या लग्नात तिचं नोकरांना सांगणं, तो तुम्हाला जे काही सांगेल ते करा. त्या नोकरांनी रांजण काठोकाठ भरले, अर्धे नाही. पाणी कशाला पाहिजे, संपलाय तर द्राक्षारस, असं कोणी विचारलं नाही.

आता माझं. वसईत ज्यांच्या वाड्या आहेत त्यांना माहीत आहे की भावाभावात काय चालतं. आमचा वाद विहिरीवरच्या मोटारीचा आणि बांधावरच्या तीन माडांचा. कागद माझ्या बाजूने आहेत, हे मी अभिमानाने नाही सांगत, फक्त परिस्थिती कळावी म्हणून. उपवासकाळात कन्फेशनला गेलो तेव्हा फादरनी फक्त मत्तय ५:२३ आठवून दिलं. वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा. मी म्हटलं फादर पण चूक त्याची आहे. ते म्हणाले, यात चूक कोणाची ते कुठे लिहिलंय? त्याच्या मनात काही आहे एवढंच लिहिलंय, आणि जायचं तू आहेस.

चर्चमधून निघालो तो घरी न जाता सरळ त्याच्याकडे गेलो कारण घरी गेलो असतो तर जेवण, मग झोप, मग उद्या. तो ओटीवर नारळ सोलत बसला होता. बस पण म्हणाला नाही. मी उभ्यानेच म्हटलं की माडांचं तू बघ, मोटारीचं बिल निम्मं मी देतो, माझ्या मनात काही नाही. तो सोलत राहिला. वहिनीने पाणी आणून दिलं, प्यायलो, आलो. अजून तो नीट बोलत नाही. पण मी मिस्साला जातो तेव्हा आता ते वचन ऐकून मान खाली जात नाही.

पुणेकॅम्प

वसईची वाडी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. चूक कोणाची ते लिहिलेलंच नाही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

निफाडकर

द्राक्षवाला आहे, टाइप करायला वेळ कमी मिळतो, चुका समजून घ्या.

लगेच या शब्दावर चर्चा चाललीय तर एक आज्ञा अशी आहे जिच्यात लगेच हीच आज्ञा आहे. लेवीय १९:१३, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. अनुवाद २४ मधे तर सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांवर आहे, आणि नाही दिलीस तर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराला हाक मारेल. याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात तीच मजुरी ओरडतेय असं आहे.

आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीला पेठ सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणी, पेस्टिंग, मग विरळणी, डिपिंग, पार फेब्रुवारी मार्चपर्यंत. पद्धत अशी पडलीय की मुकादमाला उचल द्यायची आणि हिशोब माल गेल्यावर. आणि व्यापारी आम्हाला कधी पैसे देतो? गाडी भरून गेल्यावर पंधरा दिवस, महिना, कधी कधी चेक परत येतो, कधी व्यापारीच गायब. मग आपण टोळीला सांगतो की प्रभूवर भरवसा ठेवा मिळतील. हे वाक्य आपण बोलायचंच नाही असं माझं मत आहे, ज्याच्याकडे द्यायचे पैसे आहेत त्याने घेणाऱ्याला भरवसा शिकवायचा नाही.

मी आता शनिवारी संध्याकाळी हिशोब देतो, बायामाणसांच्या हातात वेगळा, मुकादमाच्या हातात सगळा नाही. त्यासाठी मागच्या मालाच्या पैशातला एक भाग वेगळ्या खात्यात ठेवतो, त्याला हात लावायचा नाही, मुलाच्या गाडीचं पुढे ढकललं त्यासाठी. ज्या वर्षी अवकाळी झाली, मणी तडकले, त्या वर्षी त्या खात्यात पण कमी पडले आणि मग म्हैस विकली. बायको रडली. खोटं नाही सांगत, मलापण कठीण गेलं. भरवसा ठेवायची वेळ मालकावर यायला पाहिजे, मजुरावर नाही, त्याच्याकडे उद्याचं पीठ नसतं.

भिंगारकरीण

निफाडकर भाऊ, "भरवसा ठेवायची वेळ मालकावर यायला पाहिजे" हे आमच्या मंडळात मी वाचून दाखवणार आहे. परवानगी गृहीत धरते.

केडगावलाइन

इतकं छान चाललंय आणि पंडिता रमाबाईंचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी दौंड लाइनवर लहानाचा मोठा झालो, बाईंनी केडगावला काढलेलं मुक्ती मिशन आमच्यासाठी रोजचं. पण लोक भरवशाच्या बाबतीत बाईंची गोष्ट अर्धीच सांगतात, प्रार्थना केली आणि मिळालं. ते तेवढं नाही.

बोस्टनमधल्या मंडळाने त्यांना दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं, त्यावर १८८९ मधे मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. ती मुदत १८९८ ला संपणार होती. आणि ती संपायला आली असतानाच, १८९६-९७ मधे मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हिशोबाने बघितलं तर हात आखडता घ्यायची वेळ. बाई काय करतात तर स्वतः तिकडे जातात आणि मुलींना घेऊन येतात, एकदोन नाही, त्या दुष्काळातून तीनेकशे. त्यांनी तरुणपणी स्वतः दुष्काळात आईवडील गमावले, मग बहीण गेली, उपाशी पायी फिरल्या भावाबरोबर. त्यांना तो चेहरा माहीत होता. वाट बघणं म्हणजे त्या मुली मेल्या असत्या किंवा भलत्या लोकांच्या हाती लागल्या असत्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथे लगेचचा अर्थ कळतो.

पण त्याचबरोबर केडगावला विहिरी खणल्या, जमीन कसली, विणकाम, छापखाना, मुलींना हाताला काम शिकवलं. भरवसा म्हणजे हात जोडून बसणं नव्हतं. १९०० च्या सुमाराला गुजरातेतल्या दुष्काळातून अजून मुली आल्या. आणि हे सगळं सांभाळून हिब्रू ग्रीक शिकून शास्त्राचं भाषांतर, जे त्यांनी १९२२ मधे जायच्या थोडंच आधी पुरं केलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. मुलगी गेल्यावरही काम खाली ठेवलं नाही.

पुणेकॅम्प, तुमच्या मुद्द्यावर पण बाईंकडे उत्तर आहे. बाप्तिस्मा १८८३ मधे इंग्लंडात वाँटेजला झाला, पण तिथल्या सिस्टर्सनी चर्चची अमुक शिकवण मुकाट्याने मान म्हटलं की त्या पत्रावर पत्र लिहून वाद घालायच्या. माझा विवेक मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही अशीच भूमिका. म्हणजे देवाचं ऐकण्यात इतकी तत्पर बाई, पण माणसाने देवाच्या नावाने काही लादलं की तपासल्याशिवाय हलणार नाही. दोन्ही एकाच बाईत.

सोलापूरची

मला एक विचारायचंय आणि कृपा करून रागावू नका. लगेच आज्ञा पाळणाऱ्याची किंमत घरात कोण देतं?

कवी रेव्ह. ना. वा. टिळकांचं बघा. १८९५ मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतला, घरी पत्नी लक्ष्मीबाईंना काय वाटेल, मुलाचं काय, हे मागे ठेवून. त्यांच्यासाठी ते आज्ञापालन होतं, मी शंका घेत नाही. पण त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांकडे, लहान दत्तूला घेऊन, लोकांचं ऐकत. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलंय. टिळक उठले आणि गेले, आणि पहाटे उठून घर आवरायला लक्ष्मीबाई राहिल्या. निफाडकरांच्या पोस्टमधे पण म्हैस गेली आणि वहिनी रडल्या. पुणेकॅम्पनी सांगितलेल्या तरुणाची बायको शिवणकाम करतेय. माझ्या स्वतःच्या घरी मिस्टरांनी लाच घ्यायची नाही म्हणून बदल्या सोसल्या, मला त्यांचा अभिमान आहे, पण मुलांच्या शाळा तीन झाल्या आणि त्याबद्दल मंडळीत कोणी कधी माझ्यासाठी उभं राहून प्रार्थना केली नाही. साक्ष त्यांची झाली.

निफाडकर

सोलापूरच्या ताई बरोबर बोलतात. म्हैस तिच्या माहेरची होती, ते मी लिहिलं नव्हतं. विचारून विकली पण ती नाही म्हणू शकली असती का हा प्रश्न आहे.

जुना पाळक

मी सेवेतून निवृत्त झालोय, फोनवर नातवाने हे पान उघडून दिलं. सोलापूरच्या भगिनीने जे विचारलं ते मला माझ्या सेवेच्या वर्षांत उघडपणे कोणी विचारलं नाही आणि विचारायला पाहिजे होतं.

शास्त्रात उत्तर एकसारखं नाही. अब्राहाम निघाला तेव्हा सारेला विचारल्याचं लिहिलेलं नाही. पण योसेफाला स्वप्नात सांगितलं तेव्हा तो रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसरात निघाला, घेऊन निघाला, सोडून नाही. त्याने आज्ञा पाळली ती बायकोमुलाला वाचवण्यासाठीच होती. मी जोडप्यांना हे सांगत आलो की एकाला कळलेली गोष्ट दुसऱ्यासमोर ठेवा, दोघं गुडघ्यावर या. पण जिथे पाप आणि पुण्य असा सरळ प्रश्न आहे, लाच, खोटी सही, कोणाचे पैसे, तिथे घरातल्या कोणाला विचारून ठरवायचं नसतं, तिथे ठरलेलंच असतं. फक्त त्याचा भार वाटून घ्यायचा असतो आणि तो भार मंडळीनेही उचलायचा असतो. प्रेषितांची कृत्यं चौथ्या अध्यायात त्यांच्यात कोणी गरजवंत नव्हता असं लिहिलंय ते उगीच नाही. एखाद्याने प्रामाणिकपणापायी नोकरी गमावली आणि मंडळीने त्याच्या घरी दोन महिन्यांचं राशनही पोचवलं नाही तर व्यासपीठावरून आज्ञापालनाचा उपदेश करायला आम्हाला तोंड राहत नाही.

नामानाची गोष्ट मी तरुण संघात फार वेळा घेतली. अरामाचा सेनापती, कोडी, अलीशा बाहेर पण येत नाही, निरोप पाठवतो की यार्देनेत सात वेळा बुडी मार. तो रागाने निघाला. त्याला थांबवलं कोणी, तर त्याच्या नोकरांनी. बापा, संदेष्ट्याने मोठी अवघड गोष्ट सांगितली असती तर केली असती ना, मग ही तर साधी आहे. आणि त्याच्या आधी इस्राएलातून धरून आणलेली ती लहान मुलगी, तिच्यामुळे तर तो आला. मोठ्या माणसाचं आज्ञापालन घरातल्या लहान माणसांनी शक्य केलं. त्यांची नावं सुद्धा लिहिलेली नाहीत.

सोलापूरची

पाळक साहेब, सलाम. डोळ्यात पाणी आलं. एवढंच.

नवीन सभासद

पहिल्यांदाच लिहितेय. वय २४, संभाजीनगरला असते. तुम्ही सगळे लगेच करा म्हणताय पण मला कळतच नाही की देव काय सांगतोय. एक स्थळ आलंय, मुलगा विश्वासी आहे, घरच्यांना पसंत, आणि त्याच वेळी बंगळूरला एमएसडब्ल्यूला अॅडमिशन मिळतेय. मी उपवास केला, वचनं काढली, एका वचनावरून जा वाटतं एकावरून थांब. मैत्रीण म्हणते गिदोनासारखं लोकर ठेव म्हणजे चिन्ह माग. उशीर झाला तर अवज्ञा होईल याची आता भीती वाटायला लागलीय.

पुणेकॅम्प

ताई आधी एक, घाबरू नका. गिदोनाला देवाने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर त्याने त्याच्या भीतीपोटी ठेवली, देवाने त्याला सांभाळून घेतलं. ती आपल्यासाठी पद्धत म्हणून सांगितलेली नाही. गणना नवव्या अध्यायात रानात इस्राएल लोकांना वाट दाखवणाऱ्या मेघाचं वर्णन वाचा. मेघ निवासमंडपावर दोन दिवस राहो, महिना राहो की वर्ष राहो, तो हलेपर्यंत लोक तळ देऊन राहत आणि हलला की निघत. राहणं पण परमेश्वराच्या आज्ञेनेच होतं असं तिथे परत परत म्हटलंय. तुमचा मेघ हललेला नाही तर तुम्ही तळ दिलाय, अवज्ञा नाही केली.

भिंगारकरीण

अगं, लग्न की शिक्षण ही लिहिलेली आज्ञा नाहीये, त्यात तुला डोकं दिलंय, आईवडील दिलेत, चार शहाणी माणसं आहेत. त्या मुलाशी तू स्वतः बोललीस का? त्याला सांगितलंस का की तुला शिकायचंय? ते जर कोणाशीच बोलली नसशील तर आत्ता करण्यासारखी स्पष्ट गोष्ट तीच आहे, खरं बोलणं. त्याने नाही म्हटलं तरी तुला काहीतरी कळेल, दोन वर्षं थांबतो म्हटलं तरी कळेल. पुढचं पुढे दिसत जातं. यहोशवाबरोबर लोक पलीकडे जायला निघाले तेव्हा यार्देन नदी दुभंगली ती याजकांचे पाय पाण्यात बुडाल्यावर, हंगामाचे दिवस होते, नदी दुथडी भरलेली, किनाऱ्यावर उभं राहून दुभंगलेली नाही.

नवीन सभासद

नाही बोलले. आईला वाटतं शिकायचं आधी सांगितलं तर स्थळ जाईल.

स्टाफनर्स

तर ते लपवून मिळालेलं स्थळ आहे मग. माझ्या धाकट्या बहिणीला पण मी हेच सांगितलं असतं, आधी आईजवळ बस, भांडू नको, सांग की मला लपवून काही करायचं नाही. मग त्याच्याशी. व्हॉट्सअॅपवर नको, फोन कर.

नवीन सभासद

ठीक आहे. आई संध्याकाळी प्रार्थनेहून येते तेव्हा बोलते. माझ्यासाठी प्रार्थना करा.

जुना पाळक

करतो मुली. आत्ताच करतो.

वसईची वाडी

मिस्साला तुझ्यासाठी खास प्रार्थना ठेवतो. 

भिंगारकरीण

एक कामाचं विचारायचं राहिलं. वसईच्या पोस्टनंतर मी आमच्या पाळक साहेबांना सुचवलं की प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तय ५:२३ वाचून उपयोग काय, तोवर लोक येऊन बसलेले असतात, उठून कोण जाणार आणि ज्याच्याकडे जायचं तो पाथर्डीला असला तर? त्यापेक्षा आदल्या रविवारी वाचायचं आणि सांगायचं की आठवडा आहे, ज्याच्याकडे जायचंय जा, ज्याचे द्यायचेत द्या. ते तयार झालेत. तुमच्याकडे असं कुठे करतात का, आणि कसं करतात?

जुना पाळक

पूर्वी आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी शनिवारी तयारीची उपासना असायची, हेच तिचं काम होतं. खेड्यापाड्यांतून लोक बैलगाडीने शनिवारीच यायचे आणि रात्री कंपाउंडमधे मुक्काम. कितीतरी भांडणं त्या रात्री मिटलेली मी पाहिली, पंचांनी नाही, दोघांनीच बाजूला जाऊन. नंतर लोक शहरात नोकऱ्यांना लागले आणि शनिवार बंद झाला. तुमचा आदला रविवार चांगला आहे. फक्त त्या रविवारी उपासना लवकर संपवा, म्हणजे ज्याला त्याच दिवशी जायचंय त्याला एसटी मिळेल.

निफाडकर

आणि देण्याघेण्याचं असेल तर शनिवारी बँक बघून ठेवा, दुसरा चौथा शनिवार बंद असते.